खडकोळीच्या नवऱ्यांचा कट्टा

पंचायतीच्या खिडकीखाली कट्ट्यावर बसलेली ही मंडळी म्हणजे आत सभेला बसलेल्या बायांचे नवरे. सभा संपेपर्यंत ते उंबरा ओलांडत नाहीत. हा रिवाज गेनबा खुटवडाने पाडला, असे सांगतात. आणि तोही जळफळाटातून.

गेनबा पुष्कळ वर्षे सरपंच होता. मग ती जागा बायकांसाठी राखीव झाली. त्याने बायकोला, हौसाबाईला उभे केले. ती निवडून आली, पण खुर्चीत तोच बसू लागला. ती घरी सह्या करी.

वरच्या वाडीला पाणी नव्हते. तिथल्या बाया एकदा तिच्या चुलीपाशी येऊन बसल्या. एक म्हातारी म्हणाली, "हौसे, मत तुला दिलं आम्ही. गेनबाला न्हाई."

ते तिच्या जिव्हारी लागले. वाघजाईपुढे उभी राहून ती म्हणाली, "आई, त्या खुर्चीत बसून वाडीच्या पाण्याचं गाऱ्हाणं मांडल्याबिगर अन्नाला शिवणार न्हाई."

सभेच्या दिवशी ती उपाशीपोटी आत शिरली. "उठा धनी," ती म्हणाली. "गावानं ही जागा मला दिलीया."

गेनबाने सगळ्यांकडे पाहिले. कोणीच त्याची बाजू घेईना. तो उठला आणि बाहेर या कट्ट्यावर येऊन बसला.

आतून तिचा आवाज येत होता. ती वाडीचे हाल सांगत होती, कोणी अडवले तर उत्तर देत होती. मधेच सगळे हसले. इतके शब्द या बाईने घरात कधी उच्चारले नव्हते! वाडीला नळ देण्याच्या बाजूने हात वर झाले, टाळ्या पडल्या, आणि गेनबा असा पेटला की त्याच्याखालचा दगड तापला म्हणे; भुरभुर पावसाचे थेंब त्यावर चर्र वाजत होते.

तेवढ्यात आतल्या एका सदस्य बाईचा नवरा, शंकर, तरातरा आला. बायकोच्या वतीने बोलायला तो आत निघाला होता. गेनबाने त्याचा सदरा धरला.

"कुठं निघालास?"

"आमच्या हिला काय कळतंय?"

"मी बाहेर आन् तू आत? बस हितं!"

शंकर त्याच्याशेजारी बसला. पुढच्या सभेला आणखी दोघांना गेनबाने असेच बसवले. वाडीला पाणी आले, तेव्हा सारे गाव पाहायला गेले. गेनबा गेला नाही. मरेपर्यंत त्याने बायकोला शाबासकी दिली नाही. पण एकही सभा चुकवली नाही, आणि कोणा नवऱ्याला आत जाऊ दिले नाही.

आजही सभेच्या दिवशी नवरे इथेच बसतात. आतले सगळे ऐकू यावे म्हणून थंडीवाऱ्यातही खिडकी कोणी लावून घेत नाही.