बेलकोंडात आलं आधी चावतात

घाटाखालच्या बेलकोंडात कुणाच्याही घरी जा, चहा लगेच मिळत नाही. घरातली बाई आधी आल्याचा कंद घेऊन ओटीवर येते, पाहुण्यांसमोर त्याचा तुकडा मोडते, चावते, चांगलं तोंड भाजेपर्यंत चावते, आणि मगच उरलेलं ठेचायला आत जाते. शहरातून आलेली मंडळी हमखास हसतात. गावातले गेणूआबा त्यांना हसू देतात, आणि मग येसूची गोष्ट सांगतात.

चहा तेव्हा गावात नवाच होता म्हणे. पूड मिळायची चिमूटभर, आणि ती पुरवण्याची कला एकट्या येसूकडे. गवती चहाची पात सावलीत वाळवायची, दालचिनीची साल दगडावर फोडायची, वेलदोड्याची टरफलंसुद्धा टाकायची नाहीत, सगळं मिसळून बरणीत मुरवायचं. तिच्या हातच्या चहासाठी लोक वाट वाकडी करून यायचे. आणि नेमकं हेच तिच्या सासूला, म्हाळसाबाईला, खुपायचं.

तुळशीचं लग्न झालं आणि येसूच्या नणंदेला, गजराला, बघायला पाहुणे आले. बापाविना पोर, आधीची दोन स्थळं मोडलेली. सासू म्हणाली, "आज चहा मी करणार. तुझं कौतुक पुरे झालं."

बरणीतला मसाला तिने घेतला, आलं मात्र स्वतः परसातून खणून आणलं. आता आल्याच्या वाफ्याला लागूनच कुंपणावर कळलावीचा वेल होता. फुलं असतात तोवर तो लांबून ओळखू येतो. वाळला की मातीखाली नुसता विषारी कंद उरतो, आणि म्हातारीची नजर अधू.

येसूने पाट्यावरचा उरलेला तुकडा उचलून हुंगला. वासच नाही. तोवर कपबशा बाहेर गेल्या होत्या. ती तशीच दाराशी धावली.

"पिऊ नका. ती कळलावी आहे."

आता बघा, वेलाचं नाव तेच आणि शिवीही तीच. घराघरांत भांडणं लावणाऱ्या बाईला कळलावीच म्हणतात. आणि समोर तबक घेऊन कोण उभं, तर गजरा. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर.

"नणंदेचं बरं झालेलं बघवत नाही हिला," सासू म्हणाली. येसू सांगत राहिली, कुंपण, कंद, वास. ऐकतो कोण. एक कप तिने हाताने उडवला, तर सासूने तिचं मनगट धरलं. "घ्या हो तुम्ही, गार होतोय." येसूचा नवरा पाहुण्यांशेजारीच बसला होता. तो मान खाली घालून बशी फिरवत राहिला.

मग येसूने मुठीतला तो तुकडा सगळ्यांसमोर तोंडात टाकला. "आलं असेल तर मला ठसका लागेल."

ठसका लागला नाही, असं सांगतात.

"नाटकं," सासू म्हणाली. "आलंच आहे ते. गिळ की."

थुंकली असती तर नाटकच ठरलं असतं, आणि कप तोंडाला लागले असते. येसूने एकदा गजराकडे पाहिलं आणि गिळलं. म्हणाली, "सांजेपर्यंत थांबा. मग प्या."

पाहुणे थांबले. चहावर साय धरली. उन्हं उतरायच्या आत येसूला पोटात कळा सुरू झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी, गजराच्या मांडीवर डोकं ठेवून, ती गेली.

पाहुण्यांनी नंतर होकार कळवला म्हणे. गजराने नाही म्हटलं. ती जन्मभर माहेरीच राहिली, आणि आल्यागेल्याला चहा द्यायच्या आधी स्वतः आलं चावायला लागली. तिचं बघून गाव चावायला लागलं.

आजही बेलकोंडात पाहुण्यांपुढे चहा आला आणि आतून सुनेचा आवाज आला, की सगळे हातातले कप खाली ठेवतात. ती काय म्हणते ते पुरतं ऐकून घेतात. बहुतेक वेळा ती एवढंच म्हणते, साखर कमी झाली असेल तर सांगा.