न म्हटलेले आमेन

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या माळरानात नॉयहाइम नावाचे खेडे होते. सातासमुद्रापलीकडून आलेल्या जर्मन लोकांनी ते वसवलेले. त्यांचे पाळक गेरहार्डबाबा. बाबांनी स्वतःच्या खांद्यावर दगड वाहून तिथे लुथरन चर्च उभे केले. केवढी ती निष्ठा!

मनोरा झाला, पण घंटेची सोय होईना. या लोकांची रीत अशी की प्रभूची प्रार्थना सुरू झाली की घंटा वाजायची ती 'आमेन' होईपर्यंत. म्हणजे रानात असलेल्यालाही तिथल्या तिथे हात जोडता येत. शेवटी विधवा ओटीलियाबाईने नवऱ्यामागे राहिलेला नांगराचा फाळ आणून दिला. बाबांनी तो चर्चच्या दारातल्या झाडाला टांगला आणि हातोडा तिच्याच हाती दिला.

गिरणीवाले लुबके पडले गावातले बडे प्रस्थ. ते भर लोकांत म्हणत, "भंगार बडवून देव पावत असता, तर लोहाराच्या अंगणात स्वर्ग उतरला असता!" बिचारी ओटीलिया मान खाली घालून निघून जाई.

एका रविवारी लुबके चिमुकल्या लेकीला घेऊन मेंढ्या पाहायला रानात गेले आणि तिकडे वणवा पेटला. भरदिवसा धुराने अंधारून आले. शोधायला गेलेली माणसे खोकत परतली. लुबक्यांची बायको चर्चच्या दारात ऊर बडवत होती. बाबांनी शांतपणे प्रार्थना सुरू केली. ओटीलियाने फाळावर घाव घातला, पण वारा उलटा होता.

"बाबा, हा आवाज कुंपणापलीकडेसुद्धा जायचा नाही हो!"

बाबा म्हणाले, "बाई, तू वाजवत राहा. पोचवणारा वेगळा आहे."

प्रार्थना संपत आली. पण बाबांनी 'आमेन' म्हटलेच नाही! ते पुन्हा पहिल्या शब्दापासून म्हणू लागले. 'आमेन' नाही, तर हातोडा कसा थांबेल? ओटीलियाच्या तळव्यांची सालटी निघाली, हातोड्याचा दांडा रक्ताने ओला झाला, तरी ती वाजवत राहिली.

आणि काय आश्चर्य! धुरातून लुबके आले. दाढी होरपळलेली, पोर छातीशी घट्ट धरलेली.

"घंटा कधी आणलीत?" ते धापा टाकत म्हणाले. "आमच्या जन्मगावची थोरली घंटा ती! लहानपणी रोज ऐकलीय मी. तिच्या नादामागे तर आलो!"

लुबक्यांनी मनोऱ्याकडे पाहिले, तो रिकामाच होता. मग त्यांची नजर फाळावर गेली आणि तिथून ओटीलियाच्या हातांवर. तो ताठ माणूस मातीत गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिच्यापुढे डोके टेकले.

"ओटीलियाबाई, चुकलो मी."

तेव्हा कुठे बाबा 'आमेन' म्हणाले आणि ओटीलियाने हातोडा खाली ठेवला.