छापलेला हूं

एकदा एका तालुक्याच्या गावी, दिवाळी अंकाच्या कचेरीत, एक कासारीण गोष्ट सांगायला आली. कचेरी म्हणजे छापखान्यामागची एक खोली, भिंतीला जुनी कपाटे आणि खाली अंथरलेली सतरंजी. अंक काढणाऱ्या वृद्ध संपादकांना सारे गाव नाना म्हणे. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. शिकलेला, चांगले लिहिणारा, आणि आपण चांगले लिहितो हे पुरते ठाऊक असलेला. यंदा त्याची कथा अंकात घ्यायचे नानांनी अखेर कबूल केले होते, त्यामुळे स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते.

नानांच्या अंकाची तऱ्हाच वेगळी. आज लिहिणाऱ्या मुलीची कविता आणि केव्हाच वारलेल्या एखाद्या शिंप्याचे दखनी बोलीतले पद ते खुशाल शेजारीशेजारी छापत. पाड्यावरच्या मास्तरांच्या आठवणी, होडीवाल्यांची गाणी, सारे त्यांना चाले. मात्र एक हट्ट होता. छापायचे ते आधी मोठ्याने ऐकायचे, आणि ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये ‘हूं’ म्हणायचे. खेड्यापाड्यांत गोष्ट सांगताना समोरचा म्हणतो तसेच. ‘हूं’ आला नाही की सांगणारा थांबतो, समोरचा झोपला असे समजतो.

आलेल्या कासारणीचे नाव ठकूबाई. उभे आयुष्य तिने बायकांच्या हातांत बांगड्या भरल्या आणि भरता भरता गोष्टी सांगितल्या. त्यांतली मुक्या बांगड्यांच्या राणीची गोष्ट तिला सासूने दिली होती, सासूला तिच्या सासूने. आता ती गोष्ट येणारी एकटी ठकूबाईच उरली होती. येत्या शुक्रवारचा बाजार केला की ती दूर लेकीकडे कायमची राहायला जाणार होती. नानांनी तिला मुद्दाम बोलावणे पाठवले ते त्यासाठीच.

“दिवसा गोष्ट सांगू न्हाई, नाना. मामा वाट चुकतो,” ती सतरंजीवर टेकत म्हणाली.

“माझा मामा वर पोचून जमाना झाला, ठकूबाई. तो आता कुठली वाट चुकतोय! तुम्ही सांगा. हा आमचा पंडित हूं म्हणेल.”

ठकूबाईने सुरुवात केली. एक राणी होती, कोपरापर्यंत बांगड्या ल्यायची, पण तिच्या बांगड्या वाजतच नसत. शिष्य म्हणाला, “हूं.” राणीने राज्यातले सारे कासार बोलावले. “हूं.” गोष्ट रंगत गेली, वाढत गेली, आणि इकडे शिष्य मनात पाने मोजू लागला. अंकाची पाने तर ठरलेली. एवढी लांबलचक गोष्ट आत आली तर बाहेर कोणाचे काय जाणार? “हूं.” नानांना या असल्या गोष्टींचे भारी वेड. “हूं.” आपल्या कथेतला मधला भाग उडवला तर बसेल का? “हूं.”

“राणीनं हात वर केला,” ठकूबाई सांगत होती, “अन् पयल्यांदाच...”

इथे ती थांबली. शिष्याकडे बघत राहिली.

“हूं,” शिष्य म्हणाला.

तिने शेजारच्या बोचक्याची गाठ आवळली.

“हूं,” शिष्य पुन्हा म्हणाला.

ठकूबाईने पदर सावरला, बांगड्यांचे बोचके उचलले आणि ती उठली. “मास्तर, तुमचं त्वांड हितं हाय, पन कान भायेर हिंडतोय. ऱ्हाऊ द्या, नाना. गोष्ट काय, माझ्यासंगं आली, माझ्यासंगं जाईल.” नानांनी हात जोडले, पण ती थांबली नाही.

आता नाना आपल्याला फाडून खाणार, या भीतीने शिष्य मान खाली घालून बसला. नानांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हटले, “उद्या तुझी कथा घेऊन ये. ऐकू या.”

दुसऱ्या दिवशी शिष्य आनंदाने कथा घेऊन आला आणि वाचू लागला. पहिला परिच्छेद संपला. नाना गप्प. दुसरा संपला. नाना त्याच्याकडेच पाहत होते, डोळे उघडे, मान ताठ, पण तोंडातून अक्षर नाही. शिष्याने आवाज चढवला. मग त्याला वाटले, हे वाक्य बरे नाही, आणि ते गाळून तो पुढे गेला. पुढचेही वाक्य त्याला पोकळ वाटू लागले. जी कथा रोज मनात वाचून तो खूश व्हायचा, तीच आता कोणा परक्याची, ओशाळवाणी वाटायला लागली. शेवटी त्याने कागद खाली ठेवले.

“नाना, इतकी वाईट आहे का?”

“छान आहे की! फार छान आहे.”

“मग तुम्ही काही बोलला का नाहीत?”

“मी फक्त हूं म्हटलं नाही,” नाना म्हणाले. “तरी तुझं नशीब. खोटा हूं तर दिला नाही ना? काल ठकूबाईच्या वाट्याला तो आला.”

शिष्याचे डोळे भरून आले. नानांनी त्याला पाणी दिले, मागच्या कपाटाकडे पाहिले आणि सावकाश बोलले, “या कपाटात पिवळे पडलेले कागद आहेत ना, ती सारी माणसं अशीच अर्ध्यावर थांबलेली आहेत. कोणी बाई होती म्हणून, कोणाची बोली हसण्यासारखी वाटली म्हणून, कोणी नुसतंच लांब राहत होतं म्हणून. त्यांचं सांगणं वाईट नव्हतं रे. समोरून हूं आला नाही, एवढंच. आपण अंक काढतो म्हणजे त्यांच्यावर उपकार करत नाही. उशिरा का होईना, त्यांना हूं म्हणतो. अंक म्हणजे छापलेला हूं. तो मनापासून असला की गेलेली माणसंसुद्धा पुढं सांगायला लागतात, आणि तुझ्यासारख्या नव्यालाही धीर येतो.”

शुक्रवारी शिष्य धावतपळत बाजारात गेला. ठकूबाई पालाखाली बांगड्या मांडून बसली होती. तो तिच्यासमोर गोणपाटावर मांडी घालून बसला. भोवतीच्या बाया फिदीफिदी हसल्या.

“ठकूमावशी, चुकलो. गोष्ट सांगा.”

“आन् मामा वाट चुकला म्हंजी?”

“माझा मामा पोस्टमन आहे. तो नाही वाट चुकायचा.”

ठकूबाईला हसू आवरेना. “हात दे हिकडं,” ती म्हणाली. “हातात हात असल्याबिगर माझी गोष्ट चालत न्हाई.” तिने त्याचा पंजा हातात घेतला, बांगडी भरताना दाबतात तसा हलकेच दाबू लागली, आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायला बसली. शिष्य ऐकत होता. काही ठिकाणी तो इतका रंगला की हूं म्हणायचेच विसरला, आणि ती थांबली तेव्हा घाईघाईने म्हणाला, “मग? मग काय झालं?”

“आता आलास,” ठकूबाई म्हणाली.

राणीच्या बांगड्यांचे पुढे काय झाले ते मी इथे सांगत नाही. गोष्ट तिची आहे. तिची एस.टी. सुटण्याआधी ती पुरी झाली, एवढे मात्र सांगतो.

शिष्याने ती जशीच्या तशी, तिच्या बोलीत लिहून काढली. पाने खरोखरच कमी पडली. तेव्हा त्याने आपली कथा आपल्या हाताने काढून ठेवली. वाईट वाटले, नाही असे नाही. नानांनी ते पाहिले आणि म्हटले, “ही पुढच्या अंकात पहिली घेऊ. आणि ठकूबाईंचा अंक टपालाने पाठवू नकोस. तू स्वतः जा.”

दिवाळीच्या तोंडावर शिष्य त्या दूरच्या गावी पोचला. ठकूबाई लेकीच्या ओसरीवर बसली होती. तिने अंक हातात घेतला, वास घेतला आणि परत दिला. “डोळ्यांस्नी आता अक्षार लागत न्हाई. तूच वाच.”

शिष्य वाचू लागला. “मुक्या बांगड्यांची राणी. सांगणार, ठकूबाई कासार. त्यांना सांगणार, त्यांच्या सासूबाई भिमाई.”

“आत्याबाईंचं नाव? छापल्यालं?” ठकूबाईने पदर तोंडाशी धरला. मग तिने त्याला वाचायची खूण केली.

तो वाचत गेला. ठकूबाई कोणा दुसऱ्याची गोष्ट ऐकावी तशी, मान तिरकी करून ऐकत होती. वाचता वाचता तो त्या जागी आला. “राणीनं हात वर केला, अन् पयल्यांदाच...” आणि इथे शिष्याला कचेरीतला तो दिवस आठवला. त्याला पुढचे अक्षर उच्चारता येईना.

ठकूबाई जरा पुढे सरकली. आयुष्यभर तिने गोष्टी सांगितल्या होत्या, सासू गेल्यापासून तिच्यावर कधी ऐकायची पाळीच आली नव्हती. तिने त्याचा हात हातात घेतला.

“हूं,” ती म्हणाली. “मग?”

शिष्याने डोळे पुसले आणि पुढे वाचायला घेतले.