जांभळीवरचं दुसरं घरटं

फार वर्षांपूर्वी भीमाशंकरच्या रानात झिपरी नावाची तरुण शेकरू आंब्यावर मोठं घरटं बांधत होती. शेजारची म्हातारी शेकरू म्हणाली, "झिपरे, रोज चार काड्या जांभळीवरही ने गं."

"मावशी, दोन घरट्यांचं मी काय करू?" झिपरी कुरकुरली, पण मावशीचा मान ठेवून नेत राहिली.

पुढे झिपरीला पिल्लू झालं. वैशाखात वादळ आलं. आंब्याची फांदी कडाडली, तशी झिपरीने पिल्लाला तोंडात धरून जांभळीवर झेप घेतली. मागे मोठं घरटं कोसळलं. जांभळीवरचं घरटं लहानच होतं, पण पिल्लू त्यात निर्धास्त झोपलं.

सकाळी झिपरीने पिकलेलं उंबर मावशीपुढे ठेवलं. "तुमच्यामुळे लेकरू वाचलं, मावशी."

मावशीचे डोळे भरले. "मलाही माझ्या जावेने असंच बळेबळे करायला लावलं होतं. तिचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले बघ."