ठिपक्यांची वाट

“पण बाबा, तो कोण हे तुम्हाला माहीत असणारच!”

ऋजुता देवस्थळी कोर्टात साक्षीदाराला घेरते, तशीच हिरागिरी गोसाव्यांना घेरत होती. गोसावी खिंडीतल्या आपल्या मठीच्या ओट्यावर बसून पावटे सोलत होते.

“हितं लई येत्यात,” ते म्हणाले. “पानी पित्यात, जात्यात.”

“नाव विचारत नाही?”

“तानलेल्याला?”

ऋजुताचा प्रश्न तिथेच फेटाळला गेला. वकिलाला गप्प बसवणं म्हणजे खायचं काम नाही.

मागच्या दिवाळीत गडावरून उतरताना धुकं दाटलं आणि तिच्या वडिलांच्या छातीत कळ आली. सगळे वापरतात तो नकाशा डांबरी रस्त्यापाशीच थांबला होता. त्याच्या लेखी हा डोंगर म्हणजे नुसता हिरवा रंग. पण तिच्या मोबाइलमध्ये दुसराही एक नकाशा होता, लोकांनीच हिंडून मांडलेला, कुणा एकाच्या मालकीचा नसलेला. त्यात एक ठिपक्यांची वाट होती आणि वाटेच्या टोकाला दोन शब्द: मठी, पाणी.

त्या ठिपक्यांनी वडील वाचले. गोसाव्यांनी हाका मारून माणसं गोळा केली, डोली करून त्यांना खाली पोचवलं. आज वडील घरी जास्वंदीला आळं करत होते.

पण उपकार ठेवून घेणं देवस्थळ्यांच्या रक्तात नव्हतं. गोसाव्यांसाठी तिनं शाल आणली होती. ती त्यांनी लगेच मठीतल्या व्यालेल्या कुत्रीखाली अंथरली. राहिला तो वाट मांडणारा.

“त्यानं नकाशात नाव लावलंय ‘रानभुली’. किती निरोप पाठवले, उत्तर नाही. त्याचे आभार मानल्याशिवाय मला चैन पडायची नाही, बाबा.”

“बरं... आज येताना वाट कशी व्हती?”

“कसली वाट नि काय! ओढ्यापाशी दरड आलीय, पार पुसून गेलीय. मी परतच फिरणार होते. वरच्या अंगानं कारवीच्या झुडपांत घुसले तेव्हा कुठे पुढची वाट सापडली.”

“मग?”

“मग काय... आले.”

गोसाव्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि तिच्या मोबाइलकडे बोट केलं.

“ह्यात हाय का ती दरड?”

...

ऋजुतानं नकाशा उघडला. ठिपके दरडीवरून खुशाल सरळ चालले होते.

रेंज मठीमागच्या कातळावर तेवढी मिळायची. ती तिथे जाऊन बसली. ठिपके कारवीतून वळवले, शेजारी लिहिलं: दरड, वरून जा. नाव टाकायचं तिच्या मनातही आलं नाही.

“केलं, बाबा,” ती परत येऊन म्हणाली. “पण रानभुलीला कसं कळणार की मी...”

“ओऽ, वर कोणी आहे का?”

हाक खालून आली होती. दरडीच्या पलीकडे एक माणूस उभा होता. मोबाइल आडवा धरून बघत होता, उभा धरून बघत होता. त्याच्याकडे अजून जुनाच नकाशा असणार. ऋजुतानं ओ दिली, पण वारा उलटा होता. त्यानं पाठपिशवी सावरली आणि तोंड फिरवलं.

“बाबा, तो परत चाललाय!”

गोसाव्यांनी तांब्या भरून तिच्या हातात दिला.

“मघाधरनं इचारत व्हतीस न्हवं, तो कोन म्हून? ... ज्याला वाट घावंना त्योच त्यो, पोरी. तुझं देनं ह्याला फेड. पळ.”