टाकीचं बाळंतपण

हिमाचलच्या डोंगरात, जिथे थंडीत हंड्यातल्या पाण्याचाही दगड होतो, अशा एका गावात येसबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. मूळचा साताऱ्याकडचा. सुभेदार धुमाळ फौजेतून सुटले ते तिथेच घर बांधून राहिले आणि त्यांनी येसबाला कामाला आणलं. सांगितलेला शब्द तो कधी मोडत नसे. तीच तर पंचाईत होती.

गेल्या हिवाळ्यात घरामागची संडासाची टाकी गोठली आणि सगळं तुंबलं. यंदा तर सुभेदारांची लेक रेवती बाळंतपणाला माहेरी आलेली आणि तिला नुकताच मुलगा झालेला. जावयाने फोनवर बजावलं, "यंदा टाकी गोठली तर बायको-पोराला त्याच दिवशी घेऊन जाईन." धुमाळकाकींचा जीव टांगणीला लागला. या नातवाची त्यांनी किती वाट पाहिली होती.

"येसबा," काकी म्हणाल्या, "बाळंतिणीला जपतात तसं टाकीला जप. वारा लागू देऊ नकोस."

"व्हय काकी."

येसबाने पाहिलं, रेवतीताईच्या कानाला स्कार्फ बांधलाय. आता टाकीला कान कुठे? शोधता शोधता त्याला टाकीची हवा जायचा उभा पाइप दिसला. त्याने सुभेदारांची लोकरीची कानटोपी पाइपावर ओढली आणि वरून मफलर आवळला. दुपारपर्यंत घरात अशी घाण सुटली की पाळण्यातलं पोरही नाक मुरडायला लागलं.

"अरे, श्वासाची वाट मोकळी ठेवायची असते," काकी नाकाला पदर लावून म्हणाल्या.

"असं व्हय? मग आदी सांगायचं."

येसबा तडक बाळंतिणीच्या खोलीत गेला आणि सगळ्या खिडक्या सताड उघडून आला. बाळ शिंकलं. बाळंतीण कुडकुडली. सुभेदार धावले.

"गाढवा, इथे ऊब लागते. शेगडी ठेवतात, ओव्याची धुरी देतात."

येसबाने मान डोलावली आणि शेगडी उचलून थेट टाकीकडे गेला. झाकण सरकवलं, शेगडी काठावर ठेवली, वर मूठभर ओवा टाकला. सुभेदार त्याला अडवायला पोचले आणि टाकीतल्या वायूचा भक्कन जाळ झाला. सगळ्या लढायांतून सुखरूप आलेली त्यांची मिशी अर्धी गेली.

उरलेल्या मिशीवर हात ठेवून सुभेदारांनी सावकाश समजावलं. "टाकीला आग लावायची नसते रे, पांघरूण घालायचं असतं. हातभर पेंढा घाल. वर ताडपत्री, कडेने दगड. त्यावर बर्फ पडला तर राहू दे, तीच गोधडी. आणि चैत्र येईपर्यंत उघडायचं नाही."

"समजलं."

आणि खरंच समजलं. येसबाने अगदी तसंच केलं. डोंगर पांढरे झाले, ओढा गोठला, टाकी काही गोठली नाही.

मग जावई स्वतः बघायला आला. बाळाच्या अंघोळीचं पाणी सरसर गेलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं. "राहू द्या रेवतीला उन्हाळ्यापर्यंत," म्हणाला. काकींना आनंदाने रडू फुटलं. प्रवासाने शिणलेला जावई जेवून ओसरीतल्या खाटेवर आडवा झाला आणि घोरायला लागला.

"येसबा, जावईबापूंना थंडी वाजेल. नीट पांघरूण घाल," असं सांगून काकी बाळाकडे गेल्या.

चहाच्या वेळी ओसरीतून रेडा हंबरल्यासारखा आवाज आला. सगळे धावले. खाटेवर हातभर पेंढा. पेंढ्यावर ताडपत्री. कडेने दगड. वर पाट्या भरभरून आणलेला बर्फ. मधोमध पाइपाचा एक तुकडा वर आलेला आणि आवाज त्यातून येत होता.

"श्वासाची वाट मोकळी ठेवलीया," येसबा म्हणाला.

"मला बाहेर काढा," जावई पाइपातून गरजला. "आत्ताच्या आत्ता रेवतीला आणि पोराला घेऊन निघतो."

काकी रडू लागल्या. येसबाला फार वाईट वाटलं. त्याने बाहेरून आणखी एक मोठा दगड आणला, ताडपत्रीवर नीट बसवला आणि काकींजवळ येऊन म्हणाला,

"रडू नगा काकी. चैतापतुर ह्यास्नी उघडायचंच न्हाई. मग ताईला नेनार कोन?"