धनेशिणीचे पंख

एका जंगलात, बेहड्याच्या उंच झाडावर, धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. मुलांनो, या पक्ष्यांची रीत मोठी नवलाची आहे. अंडी घालायची वेळ आली, की मादी ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचे तोंड आतून चिखलाने लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी राहते. आत तिचे जुने पंख गळतात आणि नवे येईपर्यंत तिला उडता येत नाही. नर बिचारा दिवसभर उंबरे आणून त्या फटीतून तिला भरवतो.

त्या जंगलात लांडग्यांचे राज्य आले. त्या साली पाणवठा आटला होता, फळेही कमी आली होती. लांडग्यांनी सगळा दोष खारींच्या माथी मारला. पाठीवर पट्टे असलेल्या या जातीनेच बिया पुरून पुरून रानाचे वाटोळे केले, असे ते रोज ओरडून सांगू लागले. वडाची साल पिंपळाला लावण्याचाच हा प्रकार. पुरलेल्या बियांनी रान वाढते, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण रोज ऐकलेले खोटे हळूहळू खरे वाटू लागते. आधी खारींना पाणवठा बंद झाला, मग फळझाडे बंद झाली आणि शेवटी त्यांना धरून धरून नदीपलीकडे नेऊ लागले. नेलेली एकही खार परत आली नाही. मोर म्हणाला, "हुकूम निघाला आहे, म्हणजे काहीतरी कारण असेलच." माकडाने खारींची रिकामी घरटी आपल्या पोरांना वाटून टाकली. बाकीचे मूग गिळून बसले.

एका सकाळी एक खार तोंडात आपले पिल्लू धरून बेहड्यावर आली. लांडगे तिच्या मागावरच होते. तिने पिल्लू ढोलीच्या फटीपाशी ठेवले आणि म्हणाली, "ताई, मी यातून मावणार नाही. हे मावेल." आत धनेशीण स्वतःच्या पिल्लांना पोटाशी घेऊन बसली होती. जागा अशी, की तिलाच मान वाकवावी लागे. शिवाय खारीला थारा देणाऱ्यालाही नदीपलीकडे नेणार, असा हुकूम होता. तरी धनेशिणीने चोचीने पिल्लाला अलगद आत ओढून घेतले. खार झाडावरून उतरली ती थेट लांडग्यांच्या समोर गेली, म्हणजे त्यांनी वर पाहू नये.

यथाकाल धनेशाची पिल्ले मोठी झाली, भिंत फोडून उडून गेली. पण खारीच्या पिल्लाने कुठे जायचे? धनेशीण पुन्हा आत बसली आणि तिने फट तेवढी ठेवून ढोली लिंपून घेतली. नर पुन्हा उंबरे वाहू लागला.

लांडग्यांचा हेर होता कोल्हा. त्याच्या नजरेतून हे सुटले नाही. झाडाखाली येऊन त्याने विचारले, "काय धनेशभाऊ, पिल्ले तर केव्हाच उडाली. मग ही उंबरे कुणासाठी?" नराला खोटे बोलायची सवय नव्हती. तेव्हा आतून धनेशीण म्हणाली, "माझे पंख अजून गळताहेत, कोल्होबा. उडता येत नाही, म्हणून हे आणून देतात."

"गळताहेत, तर दाखव," कोल्हा म्हणाला.

खरे तर तिचे नवे पंख नुकतेच भरून आले होते. तिने त्यांतले एकेक चोचीत धरून उपटले, मुळाशी आलेले रक्त ढोलीतल्या मातीला पुसले आणि फटीतून खाली सोडले. खारीचे पिल्लू शेजारी बसून पाहत होते, म्हणून ती कण्हलीसुद्धा नाही. कोल्ह्याने पंख हुंगले आणि तो चालता झाला. पण त्याचा संशय काही फिटला नाही. तो पुन्हा पुन्हा येत राहिला आणि दर वेळी धनेशीण जेवढे पंख फुटले असतील तेवढे उपटून देत राहिली.

पुढे शेजारच्या रानांतले हत्ती एक होऊन चालून आले आणि लांडग्यांचे राज्य बुडाले. ढोलीची भिंत फुटली. पिल्लू आता मोठी खार झाले होते. ते धावत नदीकाठी गेले आणि पलीकडे पाहत बसले. त्याची आई आली नाही. धनेशिणीचे बरेचसे पंख पुन्हा कधी फुटलेच नाहीत. ती फांद्यांवरून चालत खाली उतरली आणि त्याच्याजवळ जाऊन बसली. मोर खाली मान घालून तिच्यापाशी आला. त्याने विचारले, "बाई, तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की. अजूनही झोपेत दचकते," ती म्हणाली. "पण पोर दारात होते. आधी त्याला आत घेतले, मग भीत बसले."

मुलांनो, ही गोष्ट पक्ष्यांची असली तरी असे माणसांत घडले आहे. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी युरोपात नाझींनी निरपराध ज्यू लोकांवर असेच खोटे आरोप केले आणि सुमारे साठ लाख ज्यूंना ठार मारले. त्यांत लाखो मुले होती, तुमच्याच वयाची. पुष्कळ शेजारी पाहत राहिले. थोड्यांनी मात्र स्वतःचा जीव धोक्यात घालून माळ्यावर, तळघरात परक्यांची मुले लपवली. त्या थोड्यांची आठवण झाली, की मला फार अभिमान वाटतो.

तात्पर्य : ज्याच्यावर अन्याय होतो तो आपल्या जातीचा नसला, तरी त्याला आसरा देणे हे आपलेच काम आहे, ते करण्यासाठी भीती जायची वाट पाहायची नसते.